नागपुरात नाईट किती?

जगातल्या कोणत्या शहरात वर्षाला किती ऑपेरा होतात याचा हिशेब ठेवणारी माणसं आहेत आणि त्यांच्या याद्या वाचण्यासारख्या असतात. वरच्या ओळींत व्हिएन्ना, बर्लिन, मॉस्को, सेंट पीटर्सबर्ग अशी नावं सापडतात. ज्या न्यूयॉर्ककडे आपण डोळे लावून बसतो, ते लोकसंख्येच्या मानानं पाहिलं तर बरंच मागे पडतं. देशांचा विचार केला तर जर्मनीच्या जवळपास कुणी नाही. जगभरात ऑपेराचे तीन प्रयोग झाले तर त्यांतला साधारण एक जर्मनीत झालेला असतो. ही कला जन्मली इटलीत. तिकीट काढून कुणालाही आत जाता येईल असं पहिलं ऑपेरागृह १६३७ साली व्हेनिसमध्ये उघडलं. पण प्रयोगांच्या मोजणीत माहेर मागे राहिलं आणि सासर पुढे गेलं.

या याद्या युरोपच्या खिडकीतून बाहेर बघून केलेल्या असतात, हे मान्य. चिनी ऑपेरा त्यांत धरलेला नसतो. किनारी कर्नाटकात कटीलसारख्या देवस्थानांचे यक्षगान मेळे पावसाळा सोडून रात्रीमागून रात्री खेळतात, तेही नसतं. आपली झाडीपट्टी, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या गावांतली नाटकं, तर त्यांच्या गावीही नसेल. तरी मोजायची त्यांची रीत मला पटते. ते नाट्यगृहं मोजत नाहीत, महोत्सव मोजत नाहीत, उद्घाटनं तर नाहीच नाही. अमुक शहरात अमुक वर्षी पडदा किती वेळा उघडला, एवढंच मोजतात. नाटकधंद्याच्या भाषेत सांगायचं तर ते नाईट मोजतात.

हीच फूटपट्टी नागपूरला लावून बघावी असं मला म्हणायचं आहे. नागपुरात ऑपेरा व्हावा असा माझा मुळीच हट्ट नाही. आपल्याकडे गाणारं नाटक आहे, बोलणारं आहे, दंडार, खडी गंमत अशी लोकनाट्यं आहेत. त्यातलं काहीही चालेल. प्रश्न असा की २०११ च्या जनगणनेत चोवीस लाखांच्या वर भरलेलं हे शहर, म्हणजे आकारानं व्हिएन्नाच्या तोडीचं शहर, स्वतःचं नाटक वर्षातून किती रात्री करतं? मुंबई-पुण्याहून आलेलं नाही. इथल्या माणसांनी इथे तालमी करून बसवलेलं आणि पुन्हा पुन्हा केलेलं. दुसऱ्यांदा, दहाव्यांदा, पन्नासाव्यांदा. असं मोजायला बसलं की बोटं पुरून उरतात.

आपण मोजतो सभागृहं. सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. लक्ष्मीनगरात सायंटिफिक सभागृह आहे. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह आहे, दोनेक हजार खुर्च्यांचं, २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालेलं. दक्षिण-मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचं मुख्यालयही नागपुरातच आहे. नवी वास्तू उभी राहिली की शहराच्या सांस्कृतिक वैभवात भर पडल्याचं भाषणात सांगितलं जातं आणि आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या आहेत. सभागृह चांगलं असावं, खुर्ची मोडकी नसावी, स्वच्छतागृहात पाणी असावं, याला कोण नाही म्हणेल? पण वास्तू झाली म्हणजे नाटक झालं हा हिशेब कुठल्याच शहरात जुळलेला नाही. आणि हे सांगायला ऑपेराच्या इतिहासाइतका चांगला साक्षीदार नाही, कारण ऑपेराइतक्या महागड्या इमारती दुसऱ्या कुठल्या कलेनं बांधल्या नाहीत.

ब्राझीलच्या जंगलात, ॲमेझॉनच्या काठी, मनाउस नावाचं शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रबराच्या पैशानं ते इतकं माजलं की तिथल्या शेटजींना ऑपेराशिवाय करमेना. इटलीहून संगमरवर आणला, घुमटावर ब्राझीलच्या झेंड्याच्या रंगांची कौलं बसवली आणि १८९६ च्या शेवटच्या दिवशी तेआत्रो आमाझोनासचं उद्घाटन झालं. गायकही बाहेरून यायचे, गाऊन निघून जायचे. पुढे मलायातल्या मळ्यांचं रबर स्वस्त पडू लागलं, मनाउसचं दिवाळं वाजलं आणि गायकांचं येणं थांबलं. वास्तू मात्र तशीच दिमाखात उभी. कित्येक दशकं ऑपेरागृह होतं आणि ऑपेरा नव्हता. १९९७ पासून सरकारनं दरवर्षीचा महोत्सव सुरू केला तेव्हा कुठे पुन्हा सूर लागले.

आता उलट बाजू बघा. १२ मार्च १९४५ ला व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरावर अमेरिकन बॉम्ब पडले. प्रेक्षागृह जळालं, रंगमंच जळाला, शंभरावर ऑपेरांचं नेपथ्य आणि लाखावर पोशाख राख झाले. एप्रिलमध्ये शहर रशियन फौजांच्या ताब्यात गेलं. खायला धड नाही, दिवे नाहीत. आणि १ मे ला, म्हणजे युरोपातलं युद्ध संपायच्याही आधी, त्याच कंपनीनं शहरातल्या फोक्सओपर या दुसऱ्या नाट्यगृहात मोझार्टचा प्रयोग लावला. पुढची दहा वर्षं त्यांनी उसन्या जागांमध्ये काम केलं. स्वतःच्या दुरुस्त घरात ते परतले ५ नोव्हेंबर १९५५ ला. म्हणजे मनाउसकडे घर होतं, माणसं नव्हती. व्हिएन्नाकडे माणसं होती, घर जळून गेलं होतं. आज स्टेट ऑपेरात हंगामातल्या तीनशेच्या आसपास संध्याकाळी पडदा उघडतो, पन्नासहून जास्त ऑपेरा आणि बॅले आलटून पालटून होतात आणि मागे उभं राहून बघायची स्वस्तातली चारशेहून अधिक तिकिटं असतात. त्यांच्या रांगेत विद्यार्थी दिसतात, निवृत्त मास्तर दिसतात.

ही इमारत आणि माणसांची फारकत जगभर दिसते. कैरोत १८६९ साली खेदिवानं, म्हणजे इजिप्तच्या शासकानं, ऑपेरागृह बांधलं. व्हेर्दीच्या 'आयदा'चा पहिला प्रयोग तिथेच झाला, १८७१ च्या डिसेंबरात. १९७१ मध्ये ते जळालं आणि त्या जागी आज बहुमजली वाहनतळ आहे. चौकाचं नाव मात्र ऑपेराचंच. सिडनीची ती शिडांची इमारत जगात सगळ्यात प्रसिद्ध ऑपेरागृह, पण बांधता बांधता तिथलं मोठं दालन वाद्यवृंदाला गेलं आणि ऑपेरा धाकट्या दालनात कोंबला गेला, तोही वादकांना बसायला अपुरी जागा ठेवून. मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचं तर काय सांगावं. बालगंधर्वांपासून पृथ्वीराज कपूरांपर्यंत सगळे तिथे गाजले, मग सिनेमा आला, मग १९९३ पासून कुलूप, ते २०१६ ला निघालं. आणि नागपुरात झाशी राणी चौकातलं धनवटे रंगमंदिर गेलं. त्या जागी सांस्कृतिक संकुल आलं. ज्यांनी धनवटेच्या पडद्यामागे तरुणपणीच्या संध्याकाळी घालवल्या, त्यांच्यापुढे 'संकुल' हा शब्द उच्चारून बघा.

मग जर्मनीचं काय गूढ? गूढ वगैरे काही नाही. जर्मनी हा देश १८७१ पर्यंत लहान-मोठ्या संस्थानांचा पुंजका होता. प्रत्येक राजाला, ड्यूकला आपापलं दरबारी नाट्यगृह हवं असायचं, कारण शेजारच्याकडे होतं. ईर्ष्येतून का होईना, पण त्यांनी इमारतीबरोबर कंपनीही पाळली: गायक, कोरस, वादक, शिंपी, सुतार, सगळे पगारी. १९१८ साली राजे गेले. इथे जर्मनांनी एक शहाणपणा केला. राजवाड्यांचं काहीही होवो, नाट्यकंपन्या राज्य सरकारांनी आणि नगरपालिकांनी दत्तक घेतल्या. पगार चालू राहिले. म्हणून राजधानी म्हणून कधीच संपलेली गावं नाटकाच्या नकाशावर आजही ठळक आहेत. वायमार, कोबुर्ग, डेटमोल्ड. डेटमोल्डची वस्ती लाखाच्याही आत, पण तिथली कंपनी स्वतःच्या गावात ऑपेरा करते आणि ट्रक भरून आजूबाजूच्या नाट्यगृह नसलेल्या गावांतही नेते.

मायनिंगन तर पंचवीसेक हजार वस्तीचं. आपल्या रामटेकपेक्षा फार मोठं नाही. तिथल्या दुसऱ्या गेओर्ग नावाच्या ड्यूकला नाटकाचं इतकं वेड की गर्दीच्या प्रसंगात मागच्या रांगेतला भालदार कुठे बघतो याचीही तो तालीम घ्यायचा. त्याची कंपनी १८७४ ते १८९० युरोपभर फिरली आणि दिग्दर्शक नावाच्या माणसाला नाटकात जे वजन आलं त्यात तिचा मोठा वाटा आहे. ब्राम्सची चौथी सिंफनी पहिल्यांदा वाजली ती १८८५ साली याच गावात. ड्यूक गेला, त्याचं संस्थान गेलं, मध्ये हिटलर आला, मग कम्युनिस्ट आले, तेही गेले. मायनिंगनमध्ये आजही सरकारी पगारावरची कंपनी ऑपेरा करते.

नागपूरही गमावलेली राजधानी आहे. आधी भोसल्यांची, मग मध्य प्रांत-वऱ्हाडची. १९५६ मध्ये राजधानीपण गेलं. त्या बदल्यात नागपूर करारातून काय मिळालं? हिवाळी अधिवेशन. दरवर्षी डिसेंबरात काही दिवस मंत्री येतात, रस्त्यांची डागडुजी होते, मोर्चे निघतात, संत्र्यांच्या पेट्या भेट जातात आणि सगळे परत मुंबईला. राजधानी गेल्यावर आपल्या पदरात कायम राहणारी माणसं पडावीत की येऊन जाणारे पाहुणे, हा प्रश्न त्या वेळी नाटकाच्या संदर्भात कुणाच्या मनात आला नसणार. येण्याचं कारणही नव्हतं. पण पुढे आपलं सांस्कृतिक धोरण नेमकं अधिवेशनाच्याच धर्तीवर बेतलं गेलं. थंडी पडली की महोत्सव. मैदानभर मांडव, मोठमोठे पडदे, मुंबईचे गायक, हजारोंची गर्दी, आठ-दहा दिवस धमाल. मग वर्षभर शांतता.

या येण्याजाण्याच्या व्यवस्थेत नागपूरनं काय गमावलं याचा एकच दाखला देतो, कारण तो मला सगळ्यात बोचतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं सर्वांत गाजलेलं संगीत नाटक 'कट्यार काळजात घुसली'. ते लिहिलं पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी. मास्तर नागपूरचे, रंजन कला मंदिर ही त्यांची नागपूरची संस्था. त्यातला खाँसाहेब उभा केला वसंतराव देशपांड्यांनी, जे जन्मले मूर्तिजापूरला आणि वाढले, गाणं शिकले नागपुरात. लेखक नागपूरचा, मुख्य गायक नट नागपूरचा. पण २४ डिसेंबर १९६७ ला नाटक आलं ते मुंबईच्या नाट्यसंपदेकडून, संगीत अभिषेकीबुवांचं. यात मुंबईकरांचा काही दोष नाही, उलट त्यांचे उपकारच. नाट्यसंपदेच्या प्रभाकर पणशीकरांकडे कंपनी होती, दौऱ्याची गाडी होती, नाटक शेकडो वेळा करायची ताकद होती. नागपूरकडे मास्तर होते आणि वसंतराव होते. एवढ्यानं भागत नाही. महेश एलकुंचवार नागपुरात राहून लिहीत आले, वऱ्हाडी वाड्याची पडझड त्यांच्याइतकी कुणी दाखवली नाही, पण तो 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर पहिल्यांदा उभा राहिला १९८५ साली, विजयाबाई मेहतांच्या दिग्दर्शनात, मुंबईत. आपण काय केलं? वसंतरावांचं नाव सभागृहाला दिलं.

आणि त्या सभागृहात काय होतं? दौऱ्याचा एखादा शनिवार जवळून बघा. रात्रभर धावलेली बस सकाळी उन्हं वर आल्यावर पोचते. मागच्या टेम्पोतून नेपथ्याचे फ्लॅट उतरतात, लेव्हल्स उतरतात, दाराच्या चौकटी, कपाट, सोफा. कलाकार लॉजवर झोपायला जातात. ज्यांना झोप येत नाही ते तर्री-पोहे शोधायला. दुपारी नेपथ्यवाले खिळे ठोकतात, प्रकाशवाला शिडीवर चढून झोत लावतो, खालून दुसरा ओरडतो, "अजून डावीकडे." साडेसहाला पहिली घंटा. प्रयोग रंगतो, नट पुढे येऊन सांगतो की नागपूरचा प्रेक्षक दर्दी आहे, आपण सुखावतो. बाहेर फोटोसाठी झुंबड. साडेअकरापर्यंत सगळं पुन्हा टेम्पोत. रात्रीचं सावजी जेवून बस अमरावतीकडे. दुसऱ्या दिवशी त्याच रंगमंचावर कुठल्यातरी शाळेचं स्नेहसंमेलन असतं, तिसऱ्या दिवशी कंपनीचा पुरस्कार सोहळा, चौथ्या दिवशी पक्षाचा मेळावा. भाडं मिळतं म्हटल्यावर सभागृहाच्या दृष्टीनं चारही दिवस सारखेच. नाटकावर पोट असणारा नागपूरचा नट त्या बसमध्ये नसतो, आणि असलाच तर तो एव्हाना मुंबईतल्या गोरेगावचा झालेला असतो.

इथल्या हौशी मंडळींचं आणखी वेगळंच. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि तिनं महाराष्ट्राला किती लेखक-नट दिले ते वेगळं सांगायला नको. पण ती स्पर्धा आहे. बँकेतला कारकून, शाळेतली बाई, इंजिनिअरिंगची दोन पोरं आणि एक निवृत्त पोस्टमास्तर अशी मंडळी दोन-दोन महिने कुणाच्या तरी गच्चीवर किंवा शाळेच्या वर्गात तालमी करतात. मग केंद्रावर एक प्रयोग होतो. नंबर आला तर अंतिम फेरीचा दुसरा. नाही आला तर नेपथ्याचं लाकूड ज्याचं त्याला परत आणि नाटक संपलं. पहिल्या प्रयोगात जे फसलं ते दुसऱ्यात सावरायचं असतं, पण दुसरा प्रयोगच नाही. नट काय तालमीत घडतो? थोडाफार. उरलेला तो नाईटवर घडतो. तिसाव्या रात्री त्याला कळतं की हशा कुठे थांबवायचा आणि कुठे वाहू द्यायचा.

हे जुन्या मराठी कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी शाकुंतल रंगमंचावर आणलं आणि पुढची पन्नास वर्षं जी मराठी नाटकं झाली ती बिऱ्हाडी कंपन्यांनी केली. गंधर्व नाटक मंडळी १९१३ ची. तिच्याकडे तबल्याला थिरकवाँ आणि सारंगीला कादरबक्ष होते, पगारी. नट, वादक, रंगपटवाले आणि आचारी एका छपराखाली राहत, वेगवेगळी नाटकं आलटून पालटून लावत. व्हिएन्नाच्या आणि या कंपनीच्या कामकाजात तत्त्वाचा फरक नव्हता. फरक इतकाच की त्यांच्या मागे सरकार उभं राहिलं आणि आपल्यामागे कर्ज. बोलपट आला आणि कंपन्या एकेक करून बुडाल्या.

इथे नागपूरकर हमखास म्हणणार, "काहून बापा, रस्त्यावरचे खड्डे बुजून राहिले नाहीत अन् तू नटाले पगार मागून राहिला?" प्रश्न रास्त आहे. त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. जर्मन नाट्यगृहांच्या उत्पन्नात ऐंशी टक्क्यांच्या आसपास वाटा सरकारी पैशाचा असतो. म्हणजे तिकीट काढून आत गेलेल्याच्या खुर्चीचं बरंचसं भाडं तिकीट न काढणारा भरतो. हे तिथेही सगळ्यांना गोड लागत नाही. बर्लिन एकत्र आल्यावर त्या शहराच्या पदरात भिंतीच्या दोन्ही बाजूंची मिळून तीन ऑपेरागृहं पडली आणि एखादं बंद करा ही ओरड वर्षानुवर्षं चालली. शेवटी २००४ मध्ये तिन्ही एका न्यासाखाली आणून वाचवली. आता पुन्हा २०२५ च्या अंदाजपत्रकात बर्लिननं संस्कृतीचे सुमारे तेरा कोटी युरो कापले. लंडनच्या इंग्लिश नॅशनल ऑपेराला २०२२ मध्ये, पैसा हवा तर लंडन सोडा, असंच सुनावलं गेलं. सरकारच्या जिवावर जगणाऱ्याला सरकारचा मूड सांभाळावा लागतो, हे खरंच आहे.

पण दुसरी वाट तपासून बघा. अमेरिकेत सरकार जवळपास काही देत नाही, देणगीदार देतात. त्या वाटेनं मेट्रोपॉलिटन ऑपेरा चालतं, अडतीसशे खुर्च्यांचं, दिमाखदार. आणि त्याच वाटेनं न्यूयॉर्क सिटी ऑपेरा, जे १९४३ मध्ये सामान्य लोकांना परवडेल अशा दरात ऑपेरा दाखवायला निघालं होतं, ते २०१३ मध्ये दिवाळखोर झालं. श्रीमंतांच्या खिशावर कला सोपवली की श्रीमंतांची कला जगते. यात धक्का बसावा असं काय आहे?

शिवाय पैसा आपणही खर्च करतोच. सभागृह बांधायला कोटी लागतात, ते वातानुकूलित ठेवायला लागतात, महोत्सवाला लागतात, नव्या व्यावसायिक नाटकांना राज्याचं अनुदान आहे. प्रश्न तो कशावर जातो याचा. साधा हिशेब करू. तीस माणसांची कंपनी: नट-नट्या, गायक, ऑर्गन-तबला, नेपथ्य, प्रकाश, शिंपी, व्यवस्थापक. प्रत्येकी सरासरी चाळीस हजार पगार धरला तर महिन्याला बारा लाख, वर्षाला एक कोटी चव्वेचाळीस लाख. निर्मितीचा खर्च वेगळा, पण तोही एखाद्या भव्य महोत्सवाच्या मांडवाहून जास्त होणार नाही. खड्ड्यांचं म्हणाल तर एवढ्या पैशात नागपूरचा कितीसा रस्ता होईल, आणि तो किती पावसाळे टिकेल, हे नागपूरकराला मी सांगायला हवं असं नाही.

आणि हे स्वप्नरंजन नाही, कारण शेजारी झालेलं आहे. म्हैसूर नागपूरपेक्षा बरंच लहान. तिथे कर्नाटक सरकारनं १९८९ मध्ये ब. व. कारंतांना बोलावून रंगायण सुरू केलं. पगारी नट, स्वतःची जागा, शनिवार-रविवार प्रयोग. तिथेही भांडणं झाली, संचालक नेमण्यात राजकारण झालं, पण कंपनी टिकली आणि पुढे धारवाड, शिवमोग्गा, कलबुर्गीलाही रंगायणं निघाली. कारंतांनीच त्याआधी भोपाळच्या भारत भवनात १९८२ पासून रंगमंडल उभं केलं होतं. ते मात्र पुढे बंद पडलं. दोन्ही उदाहरणं समोर ठेवूनच बोलावं. भोपाळची इमारत अजून सुंदर आहे.

आता झाडीपट्टी. कारण कुणीतरी म्हणणारच की तिथे दिडकीचं अनुदान नसताना हंगामात हजारांच्या घरात प्रयोग होतात, मग नागपूरला पगार कशाला? झाडीपट्टीला मी दंडवत घालतो. जगातल्या शहरांच्या त्या याद्यांमध्ये गडचिरोलीतलं देसाईगंज-वडसा घातलं तर लोकसंख्येच्या मानानं ते व्हिएन्नालाही घाम फोडेल. भात घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि त्या रात्री गावात नाटक. रात्री दहाला सुरू होतं, पहाटे संपतं, मध्ये गाणी, लावण्या, वन्समोअर. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या कित्येकांनी हा प्रांत नकाशावर शोधला असेल. पण झाडीपट्टीचा सगळा डोलारा धानाच्या पैशावर आणि शेतीच्या वेळापत्रकावर उभा आहे. दिवाळीला सुरुवात, होळीच्या सुमारास आटोपतं. नटाला मिळते ती नाईट, म्हणजे त्या रात्रीचे पैसे. होळीनंतर नाईट नाही आणि पैसेही नाहीत. मग कुणी शेतीत, कुणी दुकानात, कुणी लग्नांच्या ऑर्केस्ट्रात. आणि त्यात नागपूरचे कलावंत पुष्कळ आहेत. हंगामात ते वडशाला मुक्काम टाकतात, कारण स्वतःच्या शहरात त्यांना काम नाही. नागपूरची नटी वडशाला जाऊन रोज नाईट करते आणि नागपूर मुंबईच्या नटीची वाट बघतं, ही परिस्थिती कुणाला चमत्कारिक वाटत नाही याचं मला नवल वाटतं.

म्हणून नागपूरच्या कंपनीनं हिवाळ्यात झाडीपट्टीशी टक्कर घेण्यात अर्थ नाही. हंगाम जुलै ते ऑक्टोबर ठेवावा. पावसाळ्यात गावात मांडव टाकता येत नाही, कलावंत रिकामे असतात, महोत्सवांची गर्दी नसते आणि छप्पर असलेल्या सभागृहांच्या तारखाही थंडीतल्यापेक्षा सहज मिळतात. तीस माणसं बारमाही पगारावर, वडशाहून येणारी दहा-पंधरा चार महिन्यांच्या करारावर. गुरुवार ते रविवार एकाच सभागृहाच्या तारखा आधीच राखून ठेवायच्या आणि मंत्र्यांचा मेळावा आला तरी सोडायच्या नाहीत. ही अट सगळ्यात अवघड, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वर्षी चार नाटकं पुरेत. एक दारव्हेकरांचं, एक झाडीपट्टीचं जसंच्या तसं, पहाटेपर्यंत चालणारं, एक नवं आणि एक लहान मुलांचं. आलटून पालटून लावली तर चार महिन्यांत सत्तरच्या आसपास नाईट होतात, प्रत्येक नाटकाला सतरा-अठरा. गणपतीचे दहा दिवस वगळा हवं तर, मग साठ-पासष्ट. पितृपक्षात नाटक बघायला हरकत असल्याचं मी तरी कुठे ऐकलेलं नाही. दिवाळीला करारावरची मंडळी वडशाला परततील, उरलेली कंपनी टेम्पोत नेपथ्य भरून वर्धा, यवतमाळ, भंडाऱ्याला जाईल आणि मार्चअखेर महापालिकेनं एकच आकडा जाहीर करावा: या वर्षी नागपूरच्या नाईट किती झाल्या.